मिठाच्या सावलीचं अंगडं

पोपट महाराज पळाले. बाळकुमच्या एका टॉवरच्या पार्किंगमधून, एक पाय ओला आणि एक कोरडा अशा अवस्थेत, गेटचा आडवा दांडा वर जायची वाट न बघता त्याच्या खालून वाकून पळाले.

पण असं काही झालंच नाही, असं आपण तूर्त धरून चालू. कारण मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जमलेल्यांपैकी एकाच्याही मनात महाराज पळतील असं आलं नव्हतं. पळायचं होतं ते सावलीनं.

गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढे भावकी बसली होती, म्हणजे जिच्या जमिनीवर हा टॉवर उभा राहिला ती सगळी चुलत-मावस मंडळी. फ्लॅट विकत घेऊन राहायला आलेले मागे खांबांच्या आडोशाला उभे होते. सावली उसळलीच तर तिनं आधी भावकीवर जावं, असा त्यांचा साधा हिशेब होता. मधोमध निळा टब. त्यात इतकं मीठ विरघळवलं होतं की कडेला पांढरा थर धरला होता. शेजारी पितळी ताटात काळ्या सॅटिनचं, जरीच्या किनारीचं, लहानग्या पोराला बसेल एवढं अंगडं. वारा ठार पडला होता. तरी अंगडं हललं, असं पहिल्या रांगेतल्या बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

वॉचमन गोविंदानं गेटवरच्या अ‍ॅपमध्ये महाराजांची नोंद केली होती. कामाचं स्वरूप: इतर. सावली बाहेर पडताना तिची एक्झिट टाकायची का, असं त्यानं सेक्रेटरींना विचारलं.

"आधी निघू तर दे," सेक्रेटरी म्हणाले.

लिफ्टचं दार उघडलं आणि नयनला घेऊन कल्पिता बाहेर आली. गर्दी गप्प झाली. नयनला दुसरं वर्ष लागलेलं, पण गालांची कातडी भेगाळून लाल झालेली. कोपरांच्या खळगीत आणि गुडघ्यांच्या मागे पिवळट खपल्या. त्या शांततेत एकच आवाज होता. खर्र. खर्र. गेले कित्येक दिवस कल्पिताच्या घरात हाच आवाज होता. मिक्सर थांबला की ऐकू यायचा, टीव्ही बंद केला की ऐकू यायचा. नयन झोपेतसुद्धा खाजवायचा आणि झोपेतसुद्धा रडायचा.

महाराज या घरात आले ते कल्पिताच्या सासूच्या, कलावतीबाईंच्या बोलावण्यावरून. शीळफाट्याला टाइल्सच्या गोदामामागे त्यांचा मठ होता. आल्या आल्या त्यांनी नयनच्या कोपरावरचा कोंडा बोटावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"मीठ," ते म्हणाले.

कलावतीबाई मटकन खाली बसल्या. कारण त्यांचे सासरे, आजेसासरे, सगळे मिठागरावर राबलेले. मे महिन्यात ठाण्यातल्या कुणाचंही कोपर चाटलं तर ते खारटच लागेल, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. कोपर चाटायची वेळच सहसा कुणावर येत नाही.

"खाजण विकलं, मिठागर बुजवलं, वर बावीस मजले चढवले!" महाराजांनी सूर लावला. "खाली दबलेली मिठाची सावली जाईल कुठं? वर येणार! रोज रात्री येते आणि पोराला चाटते. गाय वासराला चाटते ना, तशी. पण प्रेमानं नाही!"

"बाविसाव्या मजल्याव कशी येतंय ती?" दगडूकाकांनी विचारलं. ते कल्पिताच्या नवऱ्याचे थोरले काका. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"लिफ्टनं," महाराज म्हणाले, आणि त्या दिवसापासून भावकीतल्या बायका जिन्यानं जाऊ लागल्या.

मग महाराजांनी डॉक्टरांचं मलम बंद करायला लावलं. "मलम म्हणजे सावलीचं लोणी. जितकं चोपडाल तितकी ती माजेल." आणि मग पिशवीतून ते काळं अंगडं काढलं. नयनला घातलं. बघता बघता पोर किंचाळायला लागलं, पाठ भिंतीला घासायला लागलं, मानेवरून रक्त आलं. महाराजांनी अंगडं काढून आपल्या शालीखाली धरलं, मंत्र पुटपुटले, शालीतून अंगडं पुन्हा काढलं आणि पुन्हा घातलं. नयन शांत झाला. हुंदके देत देत चक्क झोपला. नंतर महाराजांनी तेच अंगडं उतरवून शेजारच्या बंटीला घालायला दिलं. बंटी पाच वर्षांचा आणि अंगानं चांगला. त्याला घट्ट झालं, पण काही झालं नाही.

"सावली नाही त्याला अंगडं फुलासारखं! हंड्रेड पर्सेंट रिझल्ट!" महाराज म्हणाले. "फक्त एक. अंगड्याच्या आत कुणी बोट घालायचं नाही. आत ती बसते. ज्याचं बोट आत जाईल त्याचा हात मिठाच्या खड्यासारखा गळून पडेल."

दर रविवारी हे होत राहिलं. मलमाशिवाय पोराची कातडी चिघळत गेली. खपल्या पिवळ्या झाल्या, अंग तापलं. मग महाराजांनी शेवटचा उपाय जाहीर केला: अंगड्यानं सावली वर आणायची, आणि ती वर आली की पोराला मिठाच्या टबात गळ्यापर्यंत बसवायचं. घेतलेलं मीठ मिठाला परत. वन टाइम प्रोसेस.

कल्पितानं त्या फुटलेल्या, ओलसर कातडीकडे पाहिलं आणि शुक्रवारी आईला बघायला जाते सांगून नयनसकट डोंबिवली गाठली. माहेराजवळ डॉक्टर जागृतींचा दवाखाना होता.

डॉक्टरांनी नयनला उलटसुलट बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मलम कुणी थांबवलं?"

"महाराजांनी. सावली माजते म्हणून. आणि रविवारी ते काळं अंगडं घालून मिठाच्या टबात बसवणार आहेत."

"बरं. याला एक्झिमा आहे. कातडी मुळातच कोरडी आणि हळवी. घराचा गिलावा कच्चा असला की कसं होतं? आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं काहीही आत शिरतं. आता त्यात जंतू शिरलेत. हे औषध आजपासून सुरू. आणि रविवारी मिठात बसवलंत तर सोमवारी याला मला हॉस्पिटलमध्ये बघायला लागेल. स्पष्ट सांगते."

कल्पितानं नयनचे खाजवणारे हात मुठीत धरले.

"पहिल्यांदा एवढं कधी भडकलेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हर्षितच्या हळदीला. ह्यांचा चुलतभाऊ. मग भावकीतल्या त्यानंतरच्या हळदीला परत. सासूबाई म्हणाल्या, एवढी माणसं बघत होती, दृष्ट लागली."

"काय घातलेलं त्याला?"

कल्पितानं मोबाइलवर हर्षितच्या हळदीचा फोटो उघडून दाखवला. बाळकुमच्या हळदीत अख्खी भावकी एकाच ताग्यातलं कापड घालते. या हळदीचा तागा राणी रंगाचा, टिकल्या-टिकल्यांचा होता. दगडूकाकांपासून सगळे त्यात. फोटोत नयन शोधायला डॉक्टरांना वेळ लागला, कारण सोफ्याची खोळही त्याच ताग्यातली होती.

"अस्तर होतं?"

"नाही. उकडेल म्हणून लावलं नाही."

"म्हणजे टिकल्यांची उलटी बाजू सरळ अंगाला. धुतलेलं?"

"नवा कपडा कोण धुतं? चमक जाईल ना."

"हां. पॉलिस्टर घाम धरून ठेवतं, टिकल्या घासतात, नव्या कापडातली खळ बोचते. मोठ्या माणसाला फक्त उकडतं. याला मात्र आग होते, खाज सुटते. खाजवलं की कातडी फुटते, फुटली की अजून खाज."

"म्हणजे कपड्यांनी एक्झिमा होतो?"

"होत नाही. असलेला भडकतो. मऊ, धुतलेला, सैल सुती कपडा घातला तर निदान आगीत तेल तरी पडत नाही. बाकी मलम आणि औषध आहेच." डॉक्टर थांबल्या. "ते अंगडं आतून कसलं आहे?"

"आत हात लावायचा नाही. हात गळून पडतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कल्पिता, तुमची सावली तिथेच बसलीय. हात घालून बघा. गळून पडला तर परत या, मी शिवून देते."

घरी येऊन कल्पितानं औषध सुरू केलं. कुणाला न सांगता. नवरा कमलेश याला मात्र रविवारी सकाळी सगळं सांगितलं.

"तुझं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण या विधीसाठी आई कालपासून जेवली नाहीये. एकदाच करून टाकू ना. तिचं समाधान."

"आणि नयनचं?"

कमलेशनं लेकाकडे बघितलं. लिफ्टमधून खाली आल्यावर त्यानं नयनला कल्पिताकडून घेतलं आणि टबापासून शक्य तितक्या लांबच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"आणा पोराला!" महाराजांनी आवाज चढवला. उघड्या अंगावर भस्म, मांडीवर शाल. त्यांच्या पायाशी कलावतीबाई पंख्यानं वारा घालत बसलेल्या. टबात कुणीतरी अजून एक मिठाची पिशवी रिकामी केली. खडे तळाशी जाताना करकरले.

महाराजांनी ताटातलं अंगडं दोन बोटांनी उचललं. कल्पिता पुढे झाली.

"महाराज, आज मी घालते त्याला."

"आईच्या हातात ती पहिली शिरते, बेटी."

"शिरू दे," कल्पिता म्हणाली, आणि अंगडं हिसकावून तिनं मनगटापर्यंत हात आत घातला.

गर्दी एकदम मागे सरकली. कुणाची तरी स्कूटर आडवी झाली. आणि कल्पिताला आत काहीतरी चावलं. खरंच चावलं. तळव्याला बारीक, असंख्य टोकं टोचली. क्षणभर, अगदी क्षणभरच, बी.एस्सी. झालेल्या कल्पिताला वाटलं, खरी आहे. सावली खरी आहे आणि माझा हात आता जाणार.

मग तिनं अंगठा बोटांवर घासला. ही टोचणी ओळखीची होती. लहानपणी साताऱ्याकडे आजोळी गेलं की थंडीत हेच अंगावर टाकायचे.

तिनं अंगडं उलटं करायला घेतलं.

"उलटं करू नका!" महाराज किंचाळले. "ती बावीस मजले पसरेल! मेंटेनन्स भरलेल्यांनाही सोडणार नाही!"

हे ऐकून सेक्रेटरी दोन पावलं मागे गेले. पण अंगडं उलटं झालंच होतं. आत काळी, खरबरीत, राठ घोंगडी होती. सॅटिनला दुहेरी टीप मारून नीट शिवलेली.

दगडूकाकांनी काठीच्या टोकानं ती चाचपली. "घोंगडी हाय यो."

"सावलीनं घोंगडीचं रूप घेतलंय!" महाराज म्हणाले.

"आन दुहेरी टीप पन सावलीनंच मारली?"

"सावलीला सगळं येतं!"

आणि गर्दीतल्या निम्म्या माना खरोखर हलल्या. कल्पिताला तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली. घोंगडी डोळ्यांसमोर होती आणि तरी दिसत नव्हती.

"बंटी, इकडे ये बाळा," ती म्हणाली. "तू मागे घातलेलंस ना हे? तेव्हा काय झालं?"

"कायच नाय."

"मग परत घाल."

बंटीची आई प्रीती नको म्हणेपर्यंत बंटीनं ते डोक्यातून घातलं. आणि लगेच कंबरेतून वाकडा झाला. "चावतंय! मम्मी, काढ ना, चावतंय!"

"सावली बंटीत गेली!" प्रीती ओरडली. बंटीचे वडील प्रफुल्ल यांनी अंगडं ओढून काढलं, धाडसाच्या भरात स्वतःच्या मानेवर घासलं आणि कराकरा खाजवायला लागले. "माझ्यात पण आली!" मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी अंगड्याला हात न लावताच खाजवायला सुरुवात केली. पार्किंगमध्ये हलकल्लोळ उडाला. एकेका माणसात सावली शिरत चालली होती. हा वेग राहता तर दुपारपर्यंत अख्खं बाळकुम पछाडलेलं असतं.

दगडूकाका मात्र शांत होते. ते अंगडं घेऊन महाराजांच्या मागे गेले आणि त्यांनी ते महाराजांच्या उघड्या, घामेजलेल्या पाठीवर दाबून वरखाली घासलं.

"आई गं!" महाराज उडाले, आणि दोन्ही हात मागे नेऊन खाजवू लागले.

बाकीच्यांचे खाजवणारे हात जागच्या जागी थांबले.

"महाराजांमदी पन?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही नाही! थांबा! आत्ता सिद्ध करतो," असं म्हणत महाराजांनी अंगडं ओढून घेतलं आणि सवयीनं शालीखाली घातलं. हात बाहेर यायच्या आत कलावतीबाईंनी पंखा टाकून त्यांचं मनगट धरलं. शाल घसरली. महाराजांच्या दोन्ही हातांत एकेक काळं अंगडं होतं. अगदी सारखी. जुळी.

कलावतीबाईंनी दुसरं अंगडं काढून घेतलं. गळून पडेल तर पडो म्हणत हात आत घातला. आणि मग त्यांचा हात आतच थांबला. त्यांनी ते उलटं केलं, गालाला लावलं. थंड होतं. मुद्दाम पाण्यानं दमट केलेलं.

"यो तं जुनेर हाय," त्या म्हणाल्या. "जुनं लुगडं. धुऊन धुऊन मऊ जालेलं."

त्यांनी ते भावकीसमोर धरलं.

"आमचेत पोर जल्मलं की पयलं झबलं जुनेराचंच शिवायचं. माजे सासूचं लुगडं मी याचेसाठी पेटीत ठेवलं व्हतं. तुमीच सगले बोललाव ना? टॉवरवाल्यांचे नातवाला जुनेर? गरिबाघरचा दिसंल! आन यो मेला आमचंच जुनेर काल्या सॅटिनमदी लपवून आमालाच चमत्कार दाखवतंय!" त्यांनी अंगडं मुठीत चुरगाळलं. "माज्या हातानं बोलवला मी याला. मलम माज्या हातानं बंद केलं."

पुढच्या रांगेला आता कळलं होतं. मागच्या रांगेपर्यंत मात्र एवढंच पोचलं होतं की महाराजांना सावलीनं धरलंय. तिथून चारपाच धट्टीकट्टी माणसं अत्यंत श्रद्धेनं पुढे आली.

"महाराज, वेळ घालवू नका. टबात बसा."

"सोडा! मला काही झालेलं नाही!"

"सावली अशीच बोलते महाराज, तुम्हीच सांगितलेलं. गळ्यापर्यंत बसायचं. वन टाइम प्रोसेस आहे."

त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. काळजी होती, आणि म्हणूनच ते भयंकर दिसत होते. महाराजांचा उजवा पाय टबात गेला. टाचेच्या भेगांत मीठ शिरलं, आणि जी किंकाळी उठली ती ऐकून कमलेशनं नयनला छातीशी घट्ट धरलं. ही किंकाळी आज कुणाची असणार होती, ते त्याला आत्ता नीट कळलं.

पुढचं ठाऊकच आहे. गोविंदानं एक्झिट टाकली.

नयनचा एक्झिमा त्या दिवशी गेला नाही. कुठलाच एक्झिमा रविवारी सकाळी जात नसतो. औषधानं आधी ताप उतरला, मग खपल्या वाळल्या. आंघोळीनंतर लगेच मलम, अंगात जुनेराची झबली, मानेमागचं टोचणारं लेबल कापलेलं, नवा कपडा आधी धुतलेला, लोकर थेट अंगाला नाही. तरी मध्येच एखादा दिवस लाल उगवतो आणि परत डॉक्टर जागृतींकडे जावं लागतं. डॉक्टर चमत्कार करत नाहीत. तपासतात, औषध देतात आणि पुन्हा कधी यायचं ते सांगतात. पोपट महाराजांनी एवढंच केलं होतं: बोचऱ्या कापडानं पोराला रडवलं आणि मऊ कापडानं निजवलं. मधल्या शालीखाली जे घडलं, तो चमत्कार. उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्या पिशवीत अंगडं नसेल, दुसरं काही असेल. तो काय म्हणतो ते ऐकायला हरकत नाही, पण त्यानं आणलेली वस्तू उलटी करून बघा. बघू नका म्हणाला तर नक्की बघा. आणि पोराची कातडी फुटली, पिवळी पडली, अंग तापलं, तर आधी डॉक्टर. सावली थांबू शकते. तिला कुठे ऑफिसला जायचंय?

दरम्यान, पुढच्या महिन्यात प्रफुल्लच्या बहिणीची हळद आहे. तागा आलेला आहे. जांभळी मखमल, तिच्यावर आरशांचं काम. लहान मुलांची मापं घेणं सुरू झालं आहे.

सबब, बाळकुम व पंचक्रोशीतील भावकीचे सर्व माननीय काका, मामा व हळदीचा रंग ठरवणारी समिती यांस सविनय विनंती करण्यात येते की, तीन वर्षांखालील सर्व व्यक्तींना ताग्यातून कायमस्वरूपी वगळण्यात यावे; ते शक्य नसल्यास माननीय काकांनी सदर मखमलीचा शर्ट स्वतः उलटा घालून, आरसे आतल्या बाजूस ठेवून, डीजे बंद होईपर्यंत नाचून दाखवावे, व त्यानंतरच लेखी निर्णय कळवावा, ही विनंती. कळावे.